थायलंडमधले दुहेरी दर आणि साथीच्या काळातले प्रवास-निर्बंध: नव्याने जाणाऱ्यांसाठी

थायलंडमध्ये एकाच फाटकातून आत जाणारी दोन माणसं वेगवेगळे पैसे मोजतात, ही गोष्ट पहिल्या दोन-तीन दिवसांतच लक्षात येते. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे सीमा बंद झाल्या तेव्हा दिसलं की विमानतळावरही तसंच आहे: एकाला आत घेतात, दुसऱ्याला थांबवतात. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला जातो, तुम्ही कोण? हे आधी नीट समजून घेतलं की तिकीटखिडकीवरचा मनस्ताप टळतो आणि उद्या पुन्हा साथ आली तर अडकून पडण्याची पाळी येत नाही. आठ-दहा दिवस फिरायला येणाऱ्यांसाठी आणि नोकरीसाठी बिऱ्हाड घेऊन येणाऱ्यांसाठी, अशा दोघांसाठीही हे लिहितो आहे.

पायरी १: आपला रकाना ओळखा

थाई सरकारच्या दप्तरी ढोबळमानाने चार रकाने आहेत. पर्यटक, कामासाठी किंवा कुटुंबासोबत राहणारा परदेशी, कायम निवासाचा परवाना मिळालेला परदेशी आणि थाई नागरिक. आपल्यापैकी बहुतेक जण पहिल्या दोन रकान्यांत मोडतात. तिसऱ्यात शिरणं सोपं नाही, कारण कायम निवासाचा परवाना एका देशाच्या जास्तीत जास्त १०० जणांनाच दर वर्षी मिळू शकतो.

भारतीय पासपोर्टवर १० नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसाशिवाय ३० दिवस राहता येऊ लागलं आणि १५ जुलै २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांची झाली. ही सवलत सरकारच्या मर्जीवर आहे, तेव्हा तिकीट काढाल त्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा नियम पाहा. ट्रॅव्हल एजंटाने मागच्या वर्षी पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबू नका.

नोकरीवर आलात तर नॉन-इमिग्रंट व्हिसा आणि वर्क परमिट हे तुमचे मुख्य कागद. बायको-मुलं आश्रित म्हणून येतात, त्यांचा व्हिसा तुमच्या व्हिसावर टिकून असतो. इथे एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुम्ही रहिवासी आहात, पण नागरिक नाही. थायलंडमधला स्वस्त दर हा बहुतेक ठिकाणी नागरिकांचा दर आहे, रहिवाशांचा नव्हे. कर भरता, भाडं भरता, भाषा बोलता, तरी खिडकीवर त्याने फरक पडेलच असं नाही.

पायरी २: पाटी वाचायला शिका

खाओ याइ हे थायलंडचं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, बँकॉकपासून गाडीने तीनेक तासांवर. तिथे प्रवेशद्वारावर परदेशी प्रौढाला ४०० बाथ (बाथ म्हणजे थाई चलन) आणि मुलाला २०० बाथ पडतात. थाई प्रौढाला ४० आणि मुलाला २०. आई-बाबा आणि दोन मुलं असं चौघांचं कुटुंब धरा: तुमचे १,२०० बाथ, शेजारच्या गाडीतल्या थाई कुटुंबाचे १२०. बरोबर दहापट.

पाटीकडे नीट पाहिलंत तर ४०० हा आकडा इंग्रजी अंकांत, इंग्रजी मजकुरासोबत दिसेल. ४० हा आकडा मात्र थाई मजकुरात, थाई अंकांत असतो. पर्यटकाला वाटतं ती नुसती नक्षी आहे. हे अंक ओळखणं मराठी माणसाला फारसं जड नाही, कारण ते मूळचे भारतातलेच, ख्मेर लिपीमार्गे तिकडे पोचलेले. शून्य आपल्यासारखंच वाटोळं. तीन म्हणजे आपला ३ पालथा घातलेला. चार आणि पाच सारखेच दिसतात, फक्त पाचाच्या डोक्यावर एक जास्तीची गाठ असते, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. विमानात बसल्या बसल्या हे दहा अंक एका कागदावर उतरवून काढा.

ते वाचता आले म्हणून तुम्हाला ४० बाथमध्ये सोडणार नाहीत. फायदा वेगळाच आहे. सरकारी दर कुठे संपतो आणि एखाद्या दुकानदाराची मनमानी कुठे सुरू होते, हे कळतं. सरकारी उद्यानातला दुहेरी दर नियमाने ठरलेला आहे, पावतीवर छापलेला आहे, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. पण एखाद्या हॉटेलात थाई मेन्यूकार्डावर एक दर आणि इंग्रजी कार्डावर दुसरा दिसला, तर शांतपणे उठून शेजारच्या हॉटेलात जावं. शेजारी दुसरं हॉटेल नक्की असतं.

पायरी ३: दोन दर कुठे असतात आणि कुठे नसतात

असतात तिथे: राष्ट्रीय उद्यानं, सरकारी संग्रहालयं, मोठी मंदिरं, काही खासगी मत्स्यालयं आणि करमणुकीची ठिकाणं. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसला परदेशी माणसाला ५०० बाथ, थाई नागरिकाला काहीच नाही. वाट फो या निद्रिस्त बुद्धाच्या मंदिरात परदेशी माणसाला ३०० बाथ, थाई भक्त मोफत आत जातो. चियांग माईजवळच्या दोई इन्थानॉन उद्यानात परदेशी प्रौढाला ३०० बाथ. दर अधूनमधून वाढतात, म्हणून निघण्याआधी त्या त्या ठिकाणच्या अधिकृत पानावर एकदा नजर टाका आणि खर्चाच्या अंदाजात ही रक्कम आधीच धरून ठेवा. चार माणसांच्या आठवडाभराच्या सहलीत प्रवेशशुल्कच किती होतं हे आधी मांडलं नाही, तर शेवटच्या दोन दिवसांत खिशाला चांगलीच चाट बसते.

नसतात तिथे: उन्नत रेल्वे, मेट्रो, शहर बस, मीटरची टॅक्सी, सुपरमार्केट, कोपऱ्याकोपऱ्यावरचं सेव्हन-इलेव्हन, मॉलमधलं फूडकोर्ट. तिथे सगळ्यांना एकच भाव. टॅक्सीवाला मीटर टाकायला तयार नसेल तर ती टॅक्सी सोडून द्या, किंवा ॲपवरून बोलवा. टुकटुकला मीटर नसतोच. तिथे भाव बसण्याआधी ठरवायचा, उतरल्यावर नाही.

बँकॉकमधल्या चाओ फ्राया नदीवरच्या बोटींचं प्रकरण वेगळं आहे आणि नवखे तिथे हमखास गोंधळतात. सफान ताक्सिन स्टेशनच्या पायथ्याशी सातोर्न धक्का आहे. तिथे तुम्हाला पाहताच निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीचं तिकीट पुढे केलं जातं. त्याच धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट सुटते, रोजचे चाकरमानी जिने जातात ती. ती बरीच स्वस्त आहे आणि तिचं तिकीट परदेशी माणसालाही त्याच दरात मिळतं. हे दुहेरी दर नव्हेत, दोन वेगळ्या सेवा आहेत. मागायची कुठली हे माहीत असलं म्हणजे झालं. गर्दीत उभं राहायची तयारी असेल तर नारिंगी घ्या. सोबत म्हातारे आई-वडील असतील तर निळीचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

पायरी ४: तिथे राहत असाल तर कुठले कागद जवळ ठेवाल

वर्क परमिट, थाई ड्रायव्हिंग लायसन्स आणि परदेशी रहिवाशांना मिळणारं गुलाबी ओळखपत्र, ही तीन साधनं. गुलाबी कार्डासाठी आधी पिवळं घर-नोंदणी पुस्तक काढावं लागतं आणि त्यासाठी घरमालकाचं सहकार्य लागतं. ते सगळ्यांना जमत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स सगळ्यांत सुटसुटीत: खिशात मावतं, त्यावर थाई अक्षरं असतात आणि खिडकीवरच्या माणसाला ते ओळखीचं वाटतं.

हे दाखवल्यावर काही उद्यानांत आणि बऱ्याच खासगी ठिकाणी थाई दर लावतात, काही ठिकाणी लावत नाहीत. हक्क म्हणून मागू नका, विचारा. कार्ड दोन्ही हातांनी पुढे करावं, थाईमध्ये दोन शब्द बोलावेत, हसून विचारावं. नाही म्हणाले तर पूर्ण पैसे देऊन आत जावं. रांगेत मागे माणसं खोळंबलेली असताना आवाज चढवला की मिळणारी सूटही जाते. थाई लोकांत चारचौघांत चिडणं फार वाईट समजतात.

दवाखान्याचा खर्च याहून मोठा, म्हणून त्यावर थोडं थांबतो. २०१९ मध्ये थायलंडच्या आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांसाठी रुग्णांचे चार गट करून वेगवेगळे दर लावले. काम करणारा परदेशी एका गटात, पर्यटक आणि निवृत्त होऊन राहायला आलेला परदेशी त्याहून महाग गटात. नोकरीत असाल तर पगारातून सोशल सिक्युरिटी या सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेची वर्गणी कापली जाते आणि नोंदवलेल्या रुग्णालयात तुम्हाला थाई कामगारासारखेच उपचार मिळतात. नव्याने आलेले बरेच जण कुठलं रुग्णालय आपल्या नावावर आहे हे विचारतही नाहीत. पहिल्या पगाराच्या पावतीसोबत हे एचआरकडून लिहून घ्या. बायको-मुलांना मात्र हे संरक्षण आपोआप लागू होत नाही, त्यांच्यासाठी वेगळा विमा लागतो.

हे दर अन्यायाचे आहेत का?

चिडून बोलण्याआधी आपल्या घरी काय चालतं ते पाहू. अजिंठ्याला किंवा वेरूळला भारतीय माणसाला ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. ताजमहालला ५० आणि १,१००. एक बाब मात्र थाई पर्यटकांच्या फायद्याची आहे. बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटातल्या नागरिकांना पुरातत्त्व खात्याच्या अजिंठा-वेरूळसारख्या वास्तूंवर भारतीयांचाच दर लागतो आणि थायलंड त्या गटात आहे. अजिंठ्याची लेणी पाहायला आलेला थाई बौद्ध यात्रेकरू आपल्यासारखेच ४० रुपये देऊन आत जातो. आपल्याला ग्रँड पॅलेसला तशी सवलत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की ज्यांच्या करातून उद्यान सांभाळलं जातं, ज्यांचं ते मंदिर आहे, त्यांना स्वस्तात किंवा फुकट सोडणं योग्यच आहे. कारखान्यात राबणारी बाई मुलांना घेऊन खाओ याइला जाऊ शकली पाहिजे. पण दर झाकून ठेवणं योग्य नाही. दोन दर लावा, पण दोन्ही दर सगळ्यांना वाचता येतील असे लिहा. आणि वर्षानुवर्षं कर भरणाऱ्या परदेशी रहिवाशाला एकच ठाम नियम हवा. एका फाटकावर हो, दुसऱ्यावर नाही, असं असू नये. याबाबत आपण आपल्या लोकांशी बरे वागतो: परदेशी नागरिकत्व घेतलेल्या पण ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असलेल्या माणसाला भारतातल्या राष्ट्रीय उद्यानांत आणि स्मारकांत भारतीयांइतकंच शुल्क पडतं. अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या मराठी कुटुंबांनी वेरूळला जाताना ते कार्ड घरी कपाटात ठेवून येऊ नये.

पायरी ५: साथ आली तेव्हा काय झालं ते समजून घ्या

चीनबाहेरचा कोविडचा पहिला रुग्ण थायलंडमध्येच सापडला, १३ जानेवारी २०२० ला. २६ मार्च २०२० पासून आणीबाणीचा हुकूम लागू झाला आणि परदेशी लोकांसाठी सीमा बंद झाल्या. एप्रिलच्या सुरुवातीला प्रवासी विमानांचं उतरणंच बंद केलं. वर्क परमिट असलेल्यांना कागदावर सूट होती, पण विमानच नाही तर त्या सवलतीचा उपयोग काय? आपल्याकडेही २३ मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबली, ती पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. माझ्या ओळखीतल्या एका घरात नवरा बँकॉकला आणि बायको-मुलं नाशिकला, अशी ताटातूट महिनोन्महिने चालली. मुलांची शाळा ऑनलाइन होती, पण ज्या वर्गात बसायचं त्या वर्गाच्या देशात जायची सोय नव्हती.

१ जुलै २०२० पासून वर्क परमिटवाले, त्यांचे जोडीदार आणि मुलं यांच्यासाठी दार किलकिलं झालं. त्यासाठी दूतावासाचं प्रवेश-प्रमाणपत्र, प्रवासाआधीच्या ७२ तासांतली आरटीपीसीआर चाचणी, प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरचा दाखला, किमान १,००,००० डॉलरचा विमा आणि ठरवून दिलेल्या हॉटेलात १४ दिवसांचं विलगीकरण एवढं सगळं लागायचं. आणि इथे दुहेरी दर पुन्हा भेटले. परत येणाऱ्या थाई नागरिकाला सरकारी विलगीकरण मोफत होतं. परदेशी रहिवाशाला, वर्क परमिट असलं तरी, हॉटेलचा सगळा खर्च स्वतः करावा लागे. त्याच जुलैत सरकारने देशांतर्गत पर्यटन सावरण्यासाठी हॉटेलभाड्यात ४० टक्के, रात्रीला कमाल ३,००० बाथ, एवढं अनुदान सुरू केलं. तेही फक्त थाई नागरिकांना. रिकाम्या पडलेल्या हॉटेलांनी मग स्वतःहून परदेशी रहिवाशांसाठी सवलती काढल्या. अशा वेळी हॉटेलला थेट फोन करणं बुकिंगच्या ॲपपेक्षा फायद्याचं ठरलं.

भारतात दुसरी लाट आली तेव्हा मे २०२१ पासून भारतातून येणाऱ्या परदेशी लोकांची प्रवेश-प्रमाणपत्रं रद्द झाली. हातात तिकीट होतं, हॉटेलचे पैसे भरलेले होते, तरी प्रवास गेला. १ जुलै २०२१ ला लस घेतलेल्यांसाठी फुकेत बेट उघडलं, १ नोव्हेंबरला एका चाचणीवर देशभर फिरायची मुभा आली, डिसेंबरात ओमिक्रॉनमुळे ती स्थगित झाली, १ फेब्रुवारी २०२२ ला पुन्हा सुरू झाली आणि १ जुलै २०२२ ला प्रवेशाआधीची नोंदणी संपूर्ण बंद झाली.

देशाच्या आतही नियम सारखे नव्हते. प्रत्येक प्रांताचा गव्हर्नर आपले निर्बंध लावू शकत होता. जुलै २०२१ मध्ये बँकॉकमध्ये रात्री ९ ते पहाटे ४ संचारबंदी होती. मास्क न घालण्याला २०,००० बाथपर्यंत दंड होता, आणि तो खुद्द पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांनाही चुकला नाही: एप्रिल २०२१ मध्ये त्यांना ६,००० बाथ भरावे लागले. नियम पाळण्याबाबत तिथले लोक किती गंभीर होते हे यावरून समजेल.

पायरी ६: आतापासून करून ठेवण्याची कामं

पहिलं काम री-एंट्री परमिटचं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर राहत असाल आणि हे परमिट न घेता देशाबाहेर गेलात, तर राहण्याची परवानगी तिथेच संपते. एकदाच्या प्रवासाचे १,००० बाथ, अनेक वेळच्या प्रवासाचे ३,८००. अनेक वेळचं घ्या. घरी कुणी आजारी पडलं आणि रात्रीच्या विमानाने पुण्याला निघावं लागलं, तर इमिग्रेशन कार्यालयाच्या रांगेत उभं राहायला वेळ नसतो. आणि व्हिसाची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण करूनच भारतात या. २०२० मध्ये थायलंडच्या आत अडकलेल्यांची व्हिसा-मुदत सरकारने आपोआप वाढवली, शेवटी २६ सप्टेंबरपर्यंत. बाहेर अडकलेल्यांची मुदत मात्र घड्याळाच्या काट्याबरोबर संपत गेली. त्या अनुभवातून एक ढोबळ नियम निघतो: सीमा बंद होण्याची कुणकुण लागली आणि नोकरी-बिऱ्हाड तिथे असेल, तर तिथे राहणं कागदांच्या दृष्टीने सुरक्षित. आई-वडिलांची तब्येत हा वेगळा प्रश्न आहे, तो ज्याचा त्याने सोडवायचा.

दुसरं, विम्याची पॉलिसी वाचा. साथीचा आजार वगळलेला आहे का, विलगीकरणाचा खर्च मिळतो का, प्रवास सरकारी आदेशाने रद्द झाला तर पैसे मिळतात का, हे तीन प्रश्न विमा कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेलं होकारार्थी उत्तर दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

तिसरं, नावं जुळवा. लसीच्या दाखल्यावर ‘आधार’प्रमाणे एक नाव आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव-आडनावासकट दुसरं, हा घोळ मराठी नावांत कायमचा. २०२१ मध्ये कोविनवर पासपोर्ट क्रमांक जोडायची सोय झाली तेव्हा कितीतरी जणांना हा फरक आयत्या वेळी लक्षात आला. लस कुठली घेतली हेही महत्त्वाचं ठरलं. पुण्यात तयार झालेल्या कोविशिल्डला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता फेब्रुवारी २०२१ मध्येच मिळाली होती, कोव्हॅक्सिनला ती ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली. मधल्या काळात कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना अनेक देशांची दारं बंद होती. त्यामुळे मुलांच्या नेहमीच्या लसींसकट सगळे दाखले पासपोर्टवरच्या नावाने करून ठेवा.

चौथं, जाहीर झालेला नियम आणि लागू झालेला नियम यांत फरक करायला शिका. परदेशी प्रवाशांकडून ३०० बाथ प्रवेशशुल्क घ्यायला थाई मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि नंतर त्याची तारीख पुढे पुढे ढकलली गेली. याउलट डिजिटल आगमन कार्ड १ मे २०२५ पासून खरोखर सक्तीचं झालं. ते आगमनाआधीच्या तीन दिवसांत इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर भरायचं असतं आणि ते पूर्ण मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी पानं इंटरनेटवर आहेत. बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला की पान बंद करा.

शेवटचं काम परतीच्या नियमांचं, कारण जाण्याचे नियम सगळे पाहतात आणि येण्याचे कुणी पाहत नाही. १ जानेवारी २०२३ पासून भारताने थायलंडसह सहा ठिकाणांहून येणाऱ्यांना आरटीपीसीआर चाचणी सक्तीची केली, ती फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यावर थायलंडने उलट नियम काढला: ज्यांना मायदेशी परतताना अशी चाचणी लागते, त्या देशांच्या प्रवाशांनी किमान १०,००० डॉलरचा विमा घेऊनच यावं. त्या जानेवारीत बँकॉकला निघालेल्या भारतीयांना हे ऐनवेळी कळलं. म्हणून साथीची नुसती चर्चा सुरू झाली तरी तीन पानं रोज पाहा: थाई दूतावासाचं, भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं आणि तुमच्या विमान कंपनीचं. विमान सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे असेल, तर त्या देशाचंही.